टेलेमाकस मोठा झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

होमरच्या 'ओडिसी'चा पहिला सर्ग संपतो तो एका निजण्याच्या खोलीत. विशीतला टेलेमाकस झोपायला निघालाय. पुढे मशाल घेऊन युरिक्लिया चालली आहे, घरची म्हातारी दाई. ती तरुण असताना टेलेमाकसच्या आजोबांनी वीस बैलांची किंमत मोजून तिला विकत घेतलं होतं. तो पलंगावर बसतो, अंगातला मऊ अंगरखा काढतो आणि तिच्या हातात देतो. ती त्याची घडी घालते, हाताने सारखी करते, पलंगाशेजारच्या खुंटीला अडकवते. मग चांदीच्या कडीला धरून दार ओढून घेते आणि चामड्याची वादी खेचून आगळ सरकवते. आत पोरगा लोकरीच्या पांघरुणाखाली रात्रभर टक्क जागा. वीस वर्षांपूर्वी ट्रॉयच्या युद्धावर गेलेल्या आणि अजून न परतलेल्या बापाच्या, ओडिसियसच्या, शोधात त्याला समुद्र ओलांडायचाय.

बाप्याचे कपडे दुसऱ्या कुणीतरी खुंटीला लावायचे यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही. आपल्याही घरांत ही सोय अजून सुखाने नांदते आहे. पण याच काव्याच्या बाविसाव्या सर्गात हा मुलगा घरातल्या बारा दासींना एका दोराला टांगून मारतो. या दोन प्रसंगांच्या मधल्या वाटेला 'मुलगा मोठा झाला' असं म्हणायची पद्धत आहे. आणि हे म्हणणं काही दोन-चार पंडितांपुरतं नाही. युरोपने शतकानुशतकं आपल्या मुलांपुढे टेलेमाकस आदर्श म्हणून ठेवला.

शाळेत असताना मी वाचलेल्या संक्षिप्त गोष्टीत एकडोळ्या राक्षस होता, गाणाऱ्या सायरन होत्या, कुणाला न वाकणारं धनुष्य होतं. बारा दासी नव्हत्या. कुणीतरी आमच्या कोवळ्या मनाची काळजी घेतली होती. त्या काळजीबद्दल मला आता शंका आहे. टेलेमाकसची गोष्ट वयात येणाऱ्या मुलांना द्यायची असेल तर ती दोरासकट द्यावी, नाहीतर देऊच नये, असं माझं मत आहे. दोर काढला की मागे उरते ती चांगल्या मार्गदर्शकाची आणि एका शैक्षणिक सहलीची गोष्ट, आणि तशी ती होमरने सांगितलेलीच नाही.

ही सहलीची आवृत्ती रुजली कशी, ते आधी बघू. चौदाव्या लुईच्या नातवाचे शिक्षक असलेल्या फेनेलाँ यांनी आपल्या शिष्यासाठी टेलेमाकसच्या प्रवासावर एक कादंबरी लिहिली. ती 1699 मध्ये छापली गेली आणि युरोपभर वाचली गेली. तिच्यात मेंटॉर नावाचा म्हातारा पानोपानी उपदेश करतो. आज स्टार्टअपपासून कॉलेजांपर्यंत जो तो 'मेंटॉर' शोधत असतो, तो शब्द सामान्यनाम म्हणून रुळला त्यात या पुस्तकाचा हात मोठा आहे. होमरचा मेंटॉर मात्र अगदी दुबळा माणूस. इथाका या टेलेमाकसच्या बेटावरच्या सभेत तो एकदाच तळमळून बोलतो आणि एक जण त्याला झिडकारून गप्प करतो. त्यानंतर त्याच्या रूपात वावरते ती बहुतेक वेळा अथीना देवी. म्हणजे ज्याच्या नावाने आपण मार्गदर्शकांना ओळखतो, त्याचं मार्गदर्शन त्याने स्वतः केलेलंच नाही. (अर्थात आजच्याही काही मेंटॉरांना हे लागू पडेल, पण तो वेगळा विषय.)

प्रवासातून तरी काय हाती लागतं? पायलॉसचा म्हातारा नेस्टर समुद्रकिनारी बैलांचे बळी देत असतो. नऊ तांडे, प्रत्येक तांड्यात पाचशे माणसं, दर तांड्याला नऊ बैल. तिथे उतरल्यावर टेलेमाकसचे पाय लटपटतात. "मी त्यांच्यासमोर जाऊ तरी कसा? मला धड बोलता येत नाही, आणि वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायची लाज वाटते," असं तो म्हणतो. हे वाचताना मला तो पहिल्यांदा आवडतो. नेस्टर गोष्टी भरपूर सांगतो, पण ओडिसियसचा ठावठिकाणा त्याला ठाऊक नसतो. स्पार्टात राजा मेनेलाउसकडून कळतं एवढंच की बाप जिवंत आहे आणि कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर अडकला आहे. त्या माहितीचा पुढे उपयोग शून्य, कारण बाप आपला आपण घरी पोचतो. तेराव्या सर्गात ओडिसियस अथीनेला चिडून विचारतो, "तुला सगळं ठाऊक होतं, मग त्याला सांगितलं का नाहीस? त्यानेही माझ्यासारखे समुद्रावर हाल काढावेत म्हणून?" देवीचं उत्तर सरळ आहे: तिथे जाऊन त्याचं नाव व्हावं म्हणून मीच त्याला पाठवला. शिक्षण वगैरे नाही, नाव व्हावं म्हणून. लोकांनी म्हणावं की पोरगा बापाच्या शोधात बाहेर पडला होता.

त्याला कशाने सतावलंय हेही बघायला हवं. घरात 108 पुरुष ठाण मांडून बसलेत: दुलिखिअमचे 52, सामेचे 24, झाकिन्थसचे 20 आणि खुद्द इथाकाचे 12. सगळे त्याच्या आईशी लग्न करायला टपलेले आणि त्याची गुरं-डुकरं खाऊन फस्त करणारे. वीस वर्षांत गावाची सभा भरलेली नाही. टेलेमाकस ती बोलावतो, तावातावाने बोलतो आणि शेवटी हातातला राजदंड जमिनीवर आपटून रडायला लागतो. आपण कुणाचे आहोत याचीही त्याला खात्री नाही. "आई सांगते मी त्यांचा. मला काय ठाऊक? आपला बाप कोण हे आजवर कुणाला स्वतःहून कळलंय?" असं तो पहिल्याच भेटीत पाहुण्याला सांगतो. बापाचं नाव मोठं, घर मोठं आणि मुलगा मधल्यामधे अधांतरी, असं चित्र.

अशा मुलाने आपण मोठे झालो हे सिद्ध कुठे करायचं? 108 पुरुषांसमोर तर जमत नाही, ते हसतात. म्हणून तो पहिल्यांदा ते सिद्ध करतो आईसमोर. फेमिअस नावाचा गायक ट्रॉयहून परतणाऱ्या वीरांच्या हालअपेष्टांचं गाणं म्हणत असतो. आई, पेनेलोपी, माडीवरून खाली येते, खांबाशी उभी राहते आणि रडत म्हणते, हे गाणं नको, दुसरं काहीही म्हण. मुलगा तिला सर्वांदेखत सुनावतो: आपल्या खोलीत जा, माग आणि चाती सांभाळ, बोलणं हे पुरुषांचं काम, आणि विशेषतः माझं, कारण या घरात सत्ता माझी आहे. ती थक्क होते आणि निमूट वर जाते. 'इलियड'मध्ये हेक्टर आपल्या बायकोला जवळपास याच शब्दांत घरी जायला सांगतो. पण तिथे शत्रू खरोखर वेशीशी आलेला असतो आणि नवरा मरायला निघालेला असतो. इथे चाललंय जेवण आणि गाणं. वीरांच्या तोंडचं वाक्य पोराने उसनं घेतलंय. ते कुणावर वापरायचं हे निवडताना त्याने सोपं माणूस निवडलं, बस्स.

यात आणखी एक पेच आहे, जो मला सगळ्यात बोचतो. अठराव्या सर्गात पेनेलोपी सांगते की युद्धावर निघताना नवऱ्याने तिचं मनगट धरून बजावलं होतं: मुलाला दाढी फुटलेली दिसली की तू हवं त्याच्याशी लग्न कर आणि हे घर सोड. म्हणजे पोराला मिसरूड फुटणं ही आईच्या मुक्कामाची शेवटची तारीख. मुलगा बोटभर वाढला की आई घराबाहेरच्या वाटेवर एक पाऊल पुढे सरकते. आपल्याकडे म्हणतात की बापाचा जोडा मुलाच्या पायात यायला लागला की त्याला मित्रासारखं वागवावं. आईचं त्या दिवशी काय करावं, याबद्दल म्हण नाही. सतराव्या सर्गात मात्र एक क्षण असा येतो की मायलेकांत ताण नसतो. ओडिसियस आला तर मुलाला घेऊन या लोकांचा समाचार घेईल, असं पेनेलोपी म्हणते आणि तेवढ्यात टेलेमाकस घर दणाणून सोडणारी शिंक देतो. आपल्याकडे निघताना कुणी शिंकलं की पाय थबकतो. ग्रीकांकडे उलट, शिंक म्हणजे बोललेलं खरं होणार. पेनेलोपी खळखळून हसते. सगळ्या काव्यात तिचं असं हसू क्वचितच.

आता दुसरी बाजू, कारण होमर हा काही एका रंगाचा कवी नाही. टेलेमाकस खरोखर मोठा होतो असे तीन प्रसंग मला दिसतात, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या एकातही तो कुणाला दाबत नाही.

पहिला धनुष्याचा. जो ओडिसियसचं धनुष्य वाकवून कुऱ्हाडींच्या रांगेतून बाण मारेल त्याच्याशी पेनेलोपी लग्न करणार, असं ठरतं. बारा कुऱ्हाडी सरळ रांगेत रोवल्या जातात. त्या तोच रोवतो, आणि हे काम पूर्वी कधी न पाहता इतकं नेटकं केलं म्हणून लोक चकित होतात. बापाचं धनुष्य वाकवून दोरी चढवायचा तो तीनदा प्रयत्न करतो. चौथ्यांदा दोरी चढलीच असती. पण भिकाऱ्याच्या वेषात बसलेला बाप नकारार्थी खूण करतो आणि पोरगा थांबतो. एवढंच नाही, तर "मी आयुष्यभर असाच दुबळा राहणार की काय, की अजून लहानच आहे!" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून धनुष्य खाली ठेवतो. जे जमणार हे हाताला कळलं होतं, ते चारचौघांत न जमल्याचं सोंग घेणं! वीस वर्षांच्या मुलाला याहून अवघड काम कुणी सांगितलं नसेल.

दुसरा प्रसंग ऐन मारामारीतला. बाप वेष टाकून त्या 108 जणांवर तुटून पडलेला असतो. शत्रूंकडे अचानक ढाली-भाले येऊ लागतात. कोठाराचं दार कुणी उघडलं, असं बाप ओरडून विचारतो. कुणा दासीवर किंवा गुराख्यावर ढकलायला हरकत नव्हती. बापालाही तसाच संशय होता. टेलेमाकस म्हणतो, "बाबा, ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. दार मीच नीट न लावता आलो." दोन-तीन ओळींत संपतं. युरोपच्या वाङ्मयात मोठेपणाचं याहून साधं वाक्य मला आठवत नाही.

तिसरा प्रसंग फेमिअसचा. सगळे संपल्यावर गायक ओडिसियसचे गुडघे धरून गयावया करतो: मी राजीखुशीने नाही गायलो, ते संख्येने जास्त होते, बळकट होते, त्यांनी मला जबरदस्तीने आणलं. टेलेमाकस धावत येतो. "थांबा, हा निर्दोष आहे, याला मारू नका." मेडॉन नावाच्या दूतालाही तो वाचवतो, कारण त्याने लहानपणी आपला सांभाळ केला होता. तो बिचारा बैलाचं कातडं पांघरून खुर्चीखाली दडून बसलेला असतो. बाप हसतो आणि म्हणतो, भिऊ नकोस, याने तुला वाचवलं.

म्हणजे 'जबरदस्ती' हा शब्द या मुलाला कळतो. बळजबरीने केलेल्या कामाचा दोष करणाऱ्यावर येत नाही, हे त्याला बापाच्या आधी सुचतं. हे ध्यानात ठेवून पुढच्या शे-सव्वाशे ओळी वाचाव्यात.

ओडिसियस युरिक्लियाला विचारतो, घरातल्या बायकांपैकी बेइमान कोण? ती सांगते, पन्नास आहेत, त्यातल्या बारा बिघडल्या. आणि पुढे एक वाक्य जोडते, जे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं: टेलेमाकस नुकताच वयात येतोय, आणि दासींवर हुकूम चालवायला त्याच्या आईने त्याला कधी परवानगी दिली नाही. अंगरख्याची घडी घालणाऱ्या त्याच दाईचं हे बोलणं. आई माडीवर झोपली आहे. अथीनेनेच तिला झोपवलंय. परवानगी नाकारणारं माणूस आता जागं नाही.

त्या बारा जणींना आधी प्रेतं बाहेर ओढायला लावतात. मग टेबलं-खुर्च्या ओल्या स्पंजांनी पुसायला लावतात. टेलेमाकस आणि दोन गुराखी जमीन खोऱ्यांनी खरवडतात, रक्तमाखली माती याच बायका बाहेर नेऊन टाकतात. घर स्वच्छ झाल्यावर त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात कोंडलं जातं. बापाचा हुकूम तलवारीचा होता. मुलगा म्हणतो, नाही, यांना स्वच्छ मरण द्यायचं नाही, यांनी माझ्या आणि आईच्या डोक्यावर अपमान ओतले आणि त्या लोकांपाशी निजल्या. तो जहाजाचा दोर घेतो, एक टोक मोठ्या खांबाला, दुसरं अंगणातल्या गोल कोठीला, पाय जमिनीला टेकणार नाहीत इतक्या उंच ताणून बांधतो. घरट्याकडे निघालेले कस्तुर किंवा कबुतरं झुडपात लावलेल्या जाळ्यात सापडावीत, तशा त्या एका ओळीत लटकतात. थोडा वेळ पाय झाडतात, फार वेळ नाही.

घरातल्या बायकांवर त्याने चालवलेला एवढा मोठा हुकूम हा पहिलाच. प्रवासाहून आणलेलं शहाणपण म्हणावं, तर हा जहाजाचा दोर!

इथे दोन आक्षेप हमखास येतात. काळ वेगळा होता, हा पहिला. होताच, पावणेतीन हजार वर्षांचं अंतर आहे. पण मी आजचा गज लावत नाहीये, त्या काव्यातलाच लावतोय. त्यातला बाप तलवार म्हणाला होता, दोर मुलाने निवडला. मेलेल्यांपुढे जल्लोष करणं पाप आहे, असं त्याच बापाने दाईला थोड्या वेळापूर्वी दटावलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: लढाई सुरू होताना ओडिसियस त्या 108 जणांवर जे आरोप ठेवतो, त्यात एक असा की तुम्ही माझ्या दासींशी बळजबरीने निजलात. बळजबरी हा शब्द त्याचा आहे, माझा नाही. पुरुषांच्या आरोपपत्रात जी बळजबरी होती, ती बायकांच्या शिक्षेत बेइमानी कशी झाली? फेमिअसला ते कारण चाललं, यांना का नाही?

दुसरा आक्षेप: काही जणी खुशीने जात होत्या. खरं आहे. विसाव्या सर्गात त्या रात्री हसत-खिदळत बाहेर पडतात आणि अंधारात पडलेल्या ओडिसियसचं काळीज कुत्र्यासारखं गुरगुरतं. मेलँथो नावाच्या एकीला तर पेनेलोपीने लेकीसारखं वाढवलेलं, आणि तीच ओडिसियसला टाकून बोलते. पण विकत घेतलेल्या बाईच्या हसण्याला संमती म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. 'दासी' या शब्दाने मराठीत तो प्रश्न झाकला जातो. दासी म्हटलं की आपल्याला नाटकातली पंखा ढाळणारी बाई दिसते. आपल्याकडे याला खरा शब्द होता: बटीक, कुणबीण. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. युरिक्लिया वीस बैलांना घेतली, हे वाक्य 'कुणबीण' या शब्दाशेजारी ठेवलं की ग्रीस लांब राहत नाही. इंग्रजीतही हीच अडचण. आधीच्या काही भाषांतरांत टेलेमाकसच्या तोंडी या बायकांसाठी शिव्या घातल्या होत्या. मुळात तिथे शिवी नाही. 2017 मध्ये एमिली विल्सन यांचं भाषांतर आलं. संपूर्ण 'ओडिसी' इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी त्या शिव्या काढल्या आणि गुलामाला गुलाम म्हटलं. एवढ्याने वाचकाला प्रसंग नव्याने दिसला.

मुलांपासून हा प्रसंग लपवणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. बारा वर्षांच्या मुलाला नसेल सोसत, तर सोळाव्या वर्षी वाचू दे. पण तो कापून उरलेलं त्याच्या हाती देणं म्हणजे त्याला चुकीचा हिशेब शिकवणं. चूक कबूल करणारा आणि दोर बांधणारा एकच मुलगा आहे, एकाच दिवशी, एकाच घरात. होमरने ते दोघं वेगळे केले नाहीत, आणि पक्ष्यांची उपमा घालून आपल्याला मान फिरवायची सोयही ठेवली नाही. बापलेक सोळाव्या सर्गात एकमेकांना ओळखतात तेव्हा तेही पिल्लं पळवलेल्या पक्ष्यांसारखे आकांत करतात, असंच तो म्हणाला होता.

तेविसाव्या सर्गात पेनेलोपीला जाग येते. नवरा गेल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती, असं ती म्हणते. युरिक्लिया तिला शत्रूंच्या प्रेतांबद्दल सांगते. बारा जणींचं नाव काढत नाही. पेनेलोपी खाली उतरते, जाळासमोर त्या फाटक्या माणसाच्या समोरच्या भिंतीशी बसते आणि गप्प राहते. टेलेमाकसला राहवत नाही. आई, तू कसली आई, तुझं काळीज दगडापेक्षा कठीण, जवळ जाऊन बोलत का नाहीस, असं तो तिला झापतो. याआधी दोनदा, गाण्याच्या वेळी आणि धनुष्याच्या वेळी, त्याने सुनावलं आणि ती थक्क होऊन माडीवर निघून गेली होती.

या खेपेला ती जागची हलत नाही. बाळा, माझं मन सुन्न झालंय, असं ती म्हणते. हे खरोखर तेच असतील तर आमच्या दोघांतच ठाऊक असलेल्या खुणा आहेत, त्यावरून आम्ही ओळखू. समोरचा माणूस हसतो आणि मुलाला म्हणतो, टेलेमाकस, राहू दे, आईला माझी परीक्षा घेऊ दे.